कण्हेरीवरची गुळवेल

बायको तुळसा गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला, तेव्हा राघो बाळकुम गावातल्या घरी तापानं फणफणत होता. घरचे तिला आणायला धावले. पाचवीतली नात रुपाली पेला घेऊन आली. “आबा, नाक दाब आणि पी. गुळवेल कुटून रस काढलाय. आजी तुला असंच दरडावायची ना?” राघोला रडतानाही हसू आलं. पेला ओठांपाशी नेला आणि हात थबकला. परसातली गुळवेल ज्या कडुलिंबावर होती, तो बिल्डरनं तोडला होता. ती शेजारच्या कण्हेरीवर चढली, आणि कण्हेरीचं विष वेलीत उतरतं म्हणून तुळसा तिला शिवेनाशी झाली. “परसातलीच तोडलीस?” “हो, आपलीच.” “तू नाही ना प्यायलीस?” “प्यायले की! आजी आधी स्वतः चाखायची.” राघो तिला उचलून अनवाणी रिक्षाकडे पळाला. वेल कशी ओळखायची, हे तुळसानं नातीला शिकवलं होतं. कुठली सोडायची, ते राहिलं.