दुसरी किल्ली

“महिनाअखेरीपर्यंत तुमचं बिऱ्हाड माझ्या सर्व्हरवरून हलवा,” धाकटा म्हणाला. “नंतर मला बोल लावायचा नाही.”

वहिनीने मान वर केली नाही. बेतायच्या टेबलावर मांजरपाट पसरला होता, त्यावर ती खडूने बाही आखत होती.

“हलवते. कसं हलवायचं तेवढं शिकवा, भाऊजी.”

दादा शिंपीकामातला कटर होता, कापड बेतून कापणारा. तीस वर्षांत त्याने खाकी कागदावर अकराशे चाळीस नमुने आखले. धाकट्याने ते स्कॅन करून वेबसाइटवर चढवले, आणि दूरदूरचे शिंपी तिथून एकेक नमुना विकत घेऊ लागले. सात महिन्यांपूर्वी दादा गेला, सगळं वहिनीच्या नावावर झालं. एका कपडे कंपनीला अख्खा संच हवा होता. वहिनी ‘नाही’ म्हणाली. धाकट्याने पुन्हा विचारलं, ती पुन्हा ‘नाही’च म्हणाली. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

नमुने आज बाहेर गेले असते तर बोट धाकट्याकडेच गेलं असतं. पण नवशिक्या बाईच्या सर्व्हरवरून गेले, तर कोण काय म्हणणार? दार उघडं टाकलं असेल बिचारीने.

तो खुर्ची ओढून बसला.

“व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या मशीनचे कप्पे पाडतात, त्यातला एक तुमचा. जागा भाड्याची, कुलूप तुमचं. बिघडलं तर रडायचं तेही तुमचं तुम्ही.”

“केवढा घ्यायचा?”

“मेमरी म्हणजे हे टेबल, डिस्क म्हणजे ते मागचं कपाट. टेबल लहान असेल तर गिऱ्हाइकं खोळंबतात.”

भाड्याच्या कप्प्यांची यादी खालपर्यंत वाचून वहिनीने सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त कप्पा निवडला.

“साइट धापा टाकेल यावर.”

“टाकू दे. चुकले तर थोडक्यात चुकेन.”

“दादाने जन्मभर शिवलं रेशीम, आणि तुम्ही हे गोणपाट कापत बसलाय.”

“पद्धत त्यांचीच आहे, आधी स्वस्त कापडावर बेतून बघायचं,” ती म्हणाली, आणि दादा गुणगुणायचा तीच ओळ तिने कात्रीच्या ठेक्यावर धरली. *आधी माप, मग माया, मग कातरीची धार. घाईत घातल्या टाक्याला उसवण फार.* धाकट्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. दादाचा आवाज त्याला जिवंतपणीही सोसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर्व्हरच्या दाराचं काम निघालं.

“पासवर्ड कोणीही अंदाजाने ओळखतो. किल्ली करा. तिचे दोन तुकडे. एक तुमच्या लॅपटॉपवर, एक सर्व्हरवर. जुळले तरच दार उघडतं.”

तिने वहीत लिहिलं, तेच तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्याने हात जोडले. “वहिनी, सुईत दोरा ओवायला इतका वेळ लागला असता तर गाव उघडं फिरलं असतं.”

“खरंय. पाणी आणते तुम्हाला.”

ती आत गेली. सर्व्हरवर तिच्या किल्लीखाली त्याने आपलीही किल्ली चिकटवली. एक ओळ. मग फायरवॉलची भिंत उभी केली, आणि ती परत आल्यावर शहाजोगपणे सांगितलं, “आधी आपल्यापुरती वाट ठेवायची, मग भिंत. उलटं कराल तर स्वतःच बाहेर उभ्या राहाल.”

“आणि रोजचं काय?”

“बॅकअप रोज, अपडेट आठवड्याला. अधूनमधून नोंदी वाचायच्या, कोण आलं, कोण गेलं.”

“नोंदी कुठे असतात?”

“वाचून तुम्हाला काय कळणार?”

“काही नाही. अक्षरं तर दिसतील.”

त्याने जागा दाखवली. आंधळ्याला आरसा दाखवावा तशी.

तिसऱ्या दिवशी त्याने सगळे नमुने नव्या सर्व्हरवर चढवले, आणि वेबसाइटचं नाव नव्या पत्त्याकडे कसं वळवायचं ते सांगितलं. “एवढं करते मी सावकाश,” वहिनी म्हणाली. “शिकवलंत ते माझं मला जमतंय का बघू दे.”

चौथ्या दिवशी साइट सुरू होती. सकाळपासून दोन ऑर्डरी आल्या होत्या. मांजरपाटाचा झगा उसवून चिंध्यांच्या पोत्यात गेला होता, आणि टेबलावर निळं रेशीम पसरलं होतं.

“आता माझ्याकडची प्रत पुसतो,” धाकटा म्हणाला. “तुमच्यासमोर. आणि पुसल्याचं पत्र द्या मला, उद्या बोभाटा नको.”

“बॅकअपही?”

“तोही. घरच्या डिस्कवरचाही. ही बघा, ती डिस्कच आणलीय.”

“पुन्हा काढता येणार नाही ना?”

“राखेतून कापड निघतं का, वहिनी?”

त्याने पुसलं. तिने बघितलं, पत्र लिहून सही केली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “उपकार झाले, भाऊजी.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता कंपनीचा माणूस येणार होता. तीनला धाकट्याने ऑफिसचं दार लावलं आणि आपली किल्ली फिरवली. सर्व्हर उघडला, कुरकुर न करता.

नमुन्यांचा फोल्डर नव्हता.

त्याने पुन्हा शोधलं. मग ब्राउझरमध्ये साइट उघडली. ती झरझर चालत होती, धाप नाही की काही नाही. सगळ्यात वर नवा नमुना झळकत होता, निळ्या रेशमाचा झगा.

तो सर्व्हरकडे परतला. अख्ख्या कप्प्यात एकच फाइल होती, ‘मांजरपाट’ नावाची. त्याने उघडली.

‘भाऊजी, दुसरी किल्ली दुसऱ्याच दिवशी दिसली. चुकायचं ते याच कापडावर चुकून घेतलं. रेशीम दुसरीकडे बेतलंय.’