माहिती संपल्यावर

नदीच्या खोऱ्यातली ती जुनी घरं बाबांना तिच्याबरोबर पाहायची होती. ते गेल्यावर ती एकटीच आली. त्यांचा आवाज आता तिला नीट आठवेनासा झाला होता.

पहिल्याच घरात, दारावर पर्यटकांना देतात त्या हेडफोनमधली बाई रंगवलेल्या छताची माहिती सांगत होती. त्या बाईच्या आवाजामागे कुणीतरी घसा खाकरला. अगदी बाबांसारखा.

"यात दुसरं कुणी बोलतं का हो?" तिने दारावरच्या माणसाला विचारलं.

"छे हो ताई! त्या बाईपुढे कुणाची टाप आहे?"

पुढच्या प्रत्येक घरात तो आवाज जवळ येत गेला. शेवटच्या घरात माहिती संपली. नदीवरचा उजेड भिंतीवर संथ हलत होता. हेडफोन परत घ्यायला तिथल्या पहारेकऱ्याने हात पुढे केला, तेव्हा तिने तो कानांवर घट्ट दाबून धरला.

हाक मारण्याआधी बाबा घ्यायचे, तसा खोल श्वास कुणीतरी घेतला.