जवायाची चौकशी

गजेंद्र हिवरखेडला सासऱ्यांच्या दारात उभा होता. नत्थुजींनी त्याला बस म्हटलं नाही.

"मामाजी, क्रिप्टोत टाकलेले पैसे दुप्पट झाले. हे पाहा, मोबाईलवर दिसून राहिले."

"दिसून राहिले तं काढा मंग."

"काढाच्या आधी टॅक्स भरा लागते. तुमची प्रणाली पाटल्या घेऊन इकडं माहेरी निघून आली, त्या द्या."

"टॅक्स कोण मांगते?"

"आमच्या ग्रुपचे साहेब. मी काई येडा नाही, चौकशी केली. ग्रुपमधल्या लोकाईले विचारलं, साऱ्याईले पैसे भेटले म्हणतात."

"त्या लोकाईले ग्रुपमधी कोणं घेतलं?"

"साहेबानंच."

"म्हणजे साहेब कसा हाये, हे तुमी साहेबाच्याच माणसाईले विचारलं?"

गजेंद्र भडकला. "मंग कोणाले विचारतेत? आमची सोयरीक जुळली तवा तुमी माही चौकशी कोणाजवळ केली होती?"

नत्थुजींची मान खाली गेली. "सोयरीक आणणाऱ्या तुमच्या मामानं ज्याईची नावं सांगतली, त्याईच्याजवळ."

"अन् साऱ्याईनं सांगतलं होतं," प्रणाली आतून म्हणाली, "पोरगं सोनं हाये म्हणून."