माईंची बाटली

"आणि हे कुलुपांचं संग्रहालय?" मुलानं विचारलं. "अप्पा, कुलुपं बघायला कोण जातं?"

"जुनी आहेत," अप्पा म्हणाले. "बघण्यासारखी असतील."

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर उद्याच्या रस्त्याची निळी रेघ. पहाटे सगळे गाडीनं समुद्राकडे निघणार होते, सबंध दिवसाचा रस्ता होता. मुलानं वाटेत एकच थांबा धरला होता, दुपारच्या जेवणाचा. बाकीचे सगळे अप्पांचे: धरण, सिमेंटचे डायनोसॉर असलेली बाग, जुनं इंजिन मांडून ठेवलेलं स्टेशन, आणि आता ही कुलुपं. जन्मात कधी वाटेत काही न बघितलेल्या माणसाला सत्तरीत पर्यटनाचं खूळ लागलं, म्हणून घरात कालपासून हसणं चाललं होतं.

अप्पाही हसत होते. हसण्यावारी गेलं की कुणी खोलात शिरत नाही. खरी गोष्ट एवढीच होती, की त्यांना हल्ली लघवी तासभरही धरवत नव्हती. जिथे तिकीटखिडकी तिथे मुतारी, असा त्यांचा साधा हिशेब. संग्रहालयाला तर त्यांनी सकाळी बाथरूममध्ये कोंडून घेऊन फोनही केला होता. "तुमच्याकडे सोय आहे ना?" असं दबक्या आवाजात विचारलं, तर पलीकडचा गृहस्थ "कसली सोय?" म्हणून असा काही ओरडला, की अप्पांनी घाबरून फोनच बंद केला.

डॉक्टर म्हणाले होते, यात लाजण्यासारखं काय आहे? डॉक्टरांचं काय जातं म्हणायला. गेल्या महिन्यात अप्पा बसमधून मधेच उतरले, आडवाटेनं चालत घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची पँट स्वतः धुतली. चहा सांडला, असं बायकोला, माईंना, सांगितलं. माईंनी काही विचारलं नाही.

"धरणात पाणी असतं," मुलगा म्हणाला. "घरबसल्या सांगतो." त्यानं बटण दाबलं आणि धरण गेलं. मग कुलुपं गेली. "तुम्हीच म्हणायचात ना अप्पा, एकदा बूड टेकलं की मुक्कामालाच उचलायचं?"

म्हणायचे खरे. मोठ्या ऐटीत म्हणायचे. त्यांच्या गाडीचा सगळ्या नातेवाइकांत दरारा होता. निघाली की थेट पोचायची. मागून कुणी "जरा थांबू या का" म्हणालं, तर "आलंच आता" म्हणून अप्पा पाय आणखी दाबायचे.

"अप्पा, तो बाटलीचा किस्सा सांगा ना," नात म्हणाली.

किस्सा घरातल्या सगळ्यांना पाठ होता. निघताना माई पाण्याची बाटली भरून मांडीवर घ्यायच्या आणि पोचल्यावर ती तशीच भरलेली खाली उतरायची. "आमच्या हिच्या बाटलीलासुद्धा सहल घडते," असं अप्पा पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे पोट धरून हसत. आज मात्र अप्पांनी किस्सा सांगितला नाही. त्यांचं लक्ष लॅपटॉपकडे होतं. डायनोसॉर गेले होते. आता इंजिन गेलं.

फक्त सांगायचं होतं, मला थांबावं लागतं. पोटच्या पोराला सांगायचं होतं. पण समोर सून होती, नात होती.

"तुम्हीच जाऊन या," ते म्हणाले. "माझा गुडघा धरलाय."

"कधी धरला?" सुनेनं विचारलं. "सकाळी तर जिना दोनदा चढलात."

"आत्ताच धरला."

माई खाली बसून उद्याचे कपडे बॅगेत भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ती धरणं-बिरणं काढू नकोस रे," त्या म्हणाल्या. "मला लागतं मधेमधे थांबायला. आता पूर्वीसारखं धरवत नाही. मला सांगायची लाज वाटली, म्हणून मीच ह्यांना म्हटलं, तुम्ही काहीतरी निमित्त काढा."

मुलगा ओशाळला. "अगं माई, मग सरळ सांगायचंस ना! यात लाजायचं काय?" तो भराभर बटणं दाबू लागला. धरण परत आलं, डायनोसॉर आले, इंजिन आलं, कुलुपं आली.

अप्पांच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण माईंकडे बघायची त्यांना हिंमत होईना. चहाची थाप तिनं तेव्हाच ओळखली होती.

"पण माई," नात म्हणाली, "तू तर गाडीत पाणी पीतच नाहीस. मग तुला कशाला लागेल?"

माईंनी शेवटचं लुगडं बॅगेत ठेवलं आणि चेन ओढली.

"गाडी थांबणार असली, तर पिईन की."

त्यात तक्रार नव्हती. भाजीत मीठ घालायचं राहिलं, हे सांगावं तसं त्या म्हणाल्या. नात हसली. सून हसता हसता थांबली.

अप्पांना ती बाटली दिसली. मागच्या सीटवर, मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. बाहेर रणरणतं ऊन आणि पुढे आपण, "आलंच आता" म्हणत. इतकी वर्षं त्यांना आरशात मागच्या गाड्या नेमक्या दिसत होत्या. मागे बसलेली बायको दिसली नव्हती. मघापर्यंत त्यांना वाटत होतं, याहून जास्त लाज माणसाला वाटू शकत नाही.

"झालं, सगळं परत घातलं," मुलगा म्हणाला. "बोला अप्पा, अजून कुठे थांबायचं?"

अप्पांनी टेबलावरची नजर उचलली नाही.

"तिला विचार," ते म्हणाले.