डावी बाजू

लोहचुंबक पत्र्यावरून घसरलं आणि फरशीवर पडलं. खण्‌कन.

तपासनिसाने ते उचललं, रुमालाने पुसलं आणि पुन्हा तिथेच टेकवलं. उजवी बाजू. मागच्या काचेखाली, डिकीच्या कोपऱ्याशी, जिथे दोन पत्रे एकमेकांना मिळतात. पुन्हा पडलं.

"पुट्टी," तो म्हणाला. चोर पकडल्यासारखा चेहरा. "चांगली बोटभर थापलीय. काय काका, एवढी देखणी ब्रिटिश गाडी आणि तिला असली रंगरंगोटी?"

काका म्हणजे म्हातारा डेंटर, ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणारा. शेडच्या दारात स्टुलावर बसलेला. त्याला आता उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं. तपासनीस सकाळपासून त्याच्याशीच बोलत होता. ही जुनी गाडी जिने पुन्हा नवी केली ती त्याची मुलगी हातातला बोळा पिळत शेजारीच उभी होती. तिच्याशी तो एकदाच बोलला, पाणी मागायला.

साठ वर्षांची चारदारी गाडी. गडद हिरवी. अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, चामड्याच्या सीटा. ते सगळं त्याने पास केलं होतं. इंजिन पास. गाडीची खालची बाजूही पास, तीसुद्धा न वाकता. टॉर्च घेऊन गाडीखाली मुलगी शिरली होती, त्याने तिने काढलेले फोटो बघितले. पांढरा शर्ट ना! गाडीपासून चार बोटं लांब राहून गाडी तपासणारी ही जमात.

"गिऱ्हाईक माझ्या शब्दावर घेणारय," तो टॅबवर बोट फिरवत म्हणाला. "पुट्टी लिहिली की ही सुट्या भागांसाठी जाणार. भंगारात. वाईट वाटतं हो, पण मी खरं तेच लिहितो."

म्हाताऱ्याची काठी हलली. त्याचे डोळे गेल्यावर मुलीने एकटीने केलेली ही पहिली गाडी. ती भंगारात गेली, तर या शेडच्या दारात पुन्हा कुणी गाडी लावणार नव्हतं.

"पुट्टी नाही ती," मुलगी म्हणाली. "शिसं आहे."

"ताई, अकरा वर्षं गाड्या बघतोय मी."

"लांबून बघताय. इकडे या."

तिने डिकी उघडली. काठाचं रबर ओढून काढलं. सांध्याचं टोक त्या रबराखाली होतं. तिथे तिने चाकूने खरवडलं. रंग उडाला आणि खालून मऊ, चकाकती ढलपी निघाली. तिने ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"पुट्टीचा भुगा होतो. ही वाकवून बघा."

त्याने वाकवली. ती वाकली आणि तशीच राहिली.

"चुंबक शिशाला धरत नाही. अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही वाटतं? या गाड्या कारखान्यातच अशा व्हायच्या. सांध्यावर शिसं तापवून फासायचं, लाकडी पट्टीने सपाट करायचं, वरून कानस. आता डावीकडे लावा चुंबक."

त्याने लावलं. पडलं.

"म्हणजे दोन्ही बाजूंनी ठोकलीय?"

"एकाच बाजूने. एक सांधा कारखान्याचा आहे, साठ वर्षांपूर्वीचा. दुसरा माझा. माझा कुठला ते ओळखा. ओळखलात, तर काय हवं ते लिहा."

"अगं ए," दारातून म्हातारा ओरडला, "पैजा कसल्या लावतेस?"

"बाबा, तुम्ही थांबा."

तपासनिसाने टॅब खाली ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने गाडीला हात लावला. तळवा फिरवला. मग गुडघा टेकला, गाल पत्र्याजवळ नेला आणि एक डोळा मिटून सांधा न्याहाळला. आधी उजवीकडे. मग डावीकडे. बाहीला काळं लागलं, त्याला कळलंही नाही. पुन्हा उजवीकडे गेला. मुलीच्या हातातल्या बोळ्यात आता पिळायलाही काही उरलं नव्हतं.

"ही," तो उठून म्हणाला. "डावी. इथे बारीक उंचवटा राहिलाय, हाताला लागतोय. घाई केलीत ताई. हात जड पडला. आणि उजवी बघा, पाण्यासारखी! याला म्हणतात कारखान्याचं काम."

मुलीने त्याच्या हातात टॉर्च दिला. "आता डिकीत डोकं घाला. आतून बघा."

त्याने घातलं. डाव्या बाजूला आतून कारखान्याचा जुना राखाडी रंग होता, त्यावर कारखान्याचा ठसा, सगळं जसंच्या तसं. उजव्या बाजूला जोडाची रेघ होती, आणि तिच्या आजूबाजूला हातोडीच्या बारीक खुणा. माशाच्या खवल्यांसारख्या, ओळीने, एकीला लागून एक.

आत टॉर्च एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरला. बाहेर नुसती पाठ दिसत होती. ती पाठ बघून मुलीला कळलं. आणि आत त्या खवल्यांवरून नख फिरल्याची खरखर ऐकून म्हाताऱ्याला कळलं. तो हसायला लागला. आधी नुसता खाकरल्यासारखा, मग स्टूल करकरेपर्यंत.

तपासनीस बाहेर आला. टॅब उचलला, पुट्टीची ओळ पुसली. पुढचा रकाना कारागिराचा होता. सवयीने तो दाराकडे वळला.

"तिकडे काय बघता?" म्हातारा म्हणाला. "मी तर ही गाडी बघितलेलीसुद्धा नाही."

मग तपासनीस मुलीकडे वळला. तिने नाव सांगितलं. त्याने लिहिलं, आणि बरोबर आहे का बघायला टॅब तिच्यापुढे धरला.

तिने चुंबक बोळ्याने पुसून त्याच्या हातावर ठेवलं.

"एक राहिलं," ती म्हणाली. "डाव्या बाजूचंही लिहा, हात जड पडलाय म्हणून. तुम्ही खरं तेच लिहिता ना?"