मेथीचे डोहाळे

मंगळावरच्या घुमटात हेमांगी मेथीच्या वाफ्यापाशी येरझारा घालत होती. लेकीला, अन्विताला, मेथीचे डोहाळे लागले होते. म्हणून हेमांगीने महिनाभर लपूनछपून वाफ्यात नायट्रेटचं खत टाकलं होतं. मेथी नुसती तरारून आली होती!

माती तपासून घुमटातले मृदातज्ज्ञ शिरोळे भडकले. "ताई, आपले जिवाणू मातीतलं परक्लोरेटचं विष खातात, म्हणून इथली भाजी खाण्याजोगी होते. त्यांना आयतं खत मिळाल्यावर ते विषाला तोंड कशाला लावतील?"

"मग ते विष?"

"सगळं पाल्यात उतरलं असणार. कुणी खाल्ली तर नाही ना?"

तेवढ्यात मागून अन्विताची हाक आली, "आई, भाजी संपली गं! अजून खुडतेस ना?"