दोघांची जागा

त्या जहाजावर माणसं मावेनात, म्हणून केबिनच सरकत असत. दिवसभरात तुम्ही किती जागा वापरता हे केबिनची जमीनच मोजायची, आणि कमी वापरणाऱ्यांची केबिन सूर्यास्ताला आतल्या, बिनखिडकीच्या रांगेत जायची. कमलाकर आणि वृंदाताई चिटणीस सदैव एकमेकांना खेटून बसत. आज आत जायची पाळी त्यांची होती, आणि वृंदाताई तर खिडकीतला समुद्र बघायलाच आल्या होत्या.

“अहो, आपण भांडूया,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दाराशी रुसून बसा, मी खिडकीशी.”

“कशावरून रुसू?”

“आता तेही मीच सांगू? माझ्या माहेरच्यांवरून रुसा.”

कमलाकर दाराशी पाठ फिरवून बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच वळून पाहिलं. समुद्र केशरी झाला होता, आणि वृंदाताई त्यांच्याकडेच बघत होत्या.

“अगं, समुद्र बघ की!”

“एकटीनं काय बघायचा? या इकडे.”

ते गेले. एकाच खुर्चीत दोघं कशीबशी टेकली. सूर्य बुडाला, केबिन हलकेच आत सरकली आणि खिडकीपुढे पांढरी भिंत आली.

“उद्या डेकवर जाऊन बघू,” कमलाकर म्हणाले.

“तिथे पाय ठेवायला जागा नसते.”

“आपल्याला लागते कितीशी!”